धुरातली मिरी

सिगारच्या वर्णनात काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं. कोको, भाजलेले बदाम, चामडं, देवदार, ओली माती, काळी मिरी, साय. हे सगळं वाचून मी पहिल्या काही सिगारी ओढल्या आणि मला एकच चव लागली, धुराची. फार तर हा धूर कडक आणि हा जरा मवाळ, एवढा फरक कळायचा. वर्णनं लिहिणारे एक तर थापा मारतात किंवा त्यांची जीभच वेगळी घडलेली असते, असं तेव्हा वाटायचं. यातली पहिली शंका पुढे थोडीफार खरी निघाली, दुसरी अजिबात नाही. जिभेचा यात फारसा संबंधच नव्हता.

पण चवीपर्यंत पोचायच्या आधी शरीराला जुळवून घ्यावं लागतं. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडून देतात. मग निकोटीन कसं लागणार, असं नव्या माणसाला वाटतं. सिगारेटचा धूर थोडा आम्लधर्मी असतो. सिगारचा अल्कधर्मी, आणि अशा धुरातलं निकोटीन गालांच्या आतल्या नाजूक अस्तरातूनच रक्तात उतरतं. रिकाम्या पोटी बसलं की अर्ध्या सिगारमध्ये कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ जमते, पोटात ढवळायला लागतं. त्या अवस्थेत समोर काहीही ठेवा, चव कळत नाही. म्हणून मी जेवणानंतरच बसायला लागलो, शेजारी पाणी ठेवून, आणि 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारी कितीतरी महिने बाजूला ठेवल्या. गरगरायला लागलं की सिगार ठेवून द्यायची आणि काहीतरी गोड तोंडात टाकायचं, हा जुन्या ओढणाऱ्यांचा उपाय मलाही लागू पडला.

इथेच एक सांगून टाकतो. धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचं नातं सिद्ध झालेलं आहे, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. मी ओढतो ते हे ठाऊक असताना, आणि क्वचित. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करण्यात काही अर्थ नाही. नाक तयार करायला कॉफी किंवा चहाही तितकाच उपयोगी आहे.

माझा एक मित्र वर्षानुवर्षं सिगार ओढतो आणि त्याबद्दल फारसं बोलत नाही. मी ओढत असताना त्याने एकदाच विचारलं, "अरे, गाडी सुटतेय का तुझी?" मी दर पंधरावीस सेकंदांनी झुरका घेत होतो. सिगारेटच्या सवयीने बहुतेक जण तसंच करतात. त्याचं म्हणणं, दोन झुरक्यांमध्ये साधारण मिनिटभर जाऊ दे. भरभर ओढलं की निखारा तापतो, पानं जळण्याऐवजी करपतात आणि धुरात कडवटपणा उतरतो. वेग कमी केल्यावर जे झालं ते पाहून मी चकित झालो. ज्या कडूपणाला मी तंबाखूची मूळ चव समजत होतो तो बराचसा निघून गेला, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, भाजल्यासारखं होतं. त्याला नाव देता येत नव्हतं, पण ते होतं. रोबुस्तो म्हणतात तो आकार साधारण पाच इंच लांब आणि ५० रिंगचा असतो. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी दोन सेंटिमीटरच्या किंचित आत. एवढी सिगार पाऊण तास ते तासभर चालायला हवी. माझ्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात संपायच्या.

पेटवण्याबद्दल पुस्तकी सूचना भरपूर मिळतात, मला त्यातल्या दोनच महत्त्वाच्या वाटल्या. पेट्रोलचा लायटर वापरू नये, त्याचा वास पहिल्या काही झुरक्यांत राहतो. ब्युटेनचा चालतो, किंवा लाकडी काडी, तीसुद्धा गुलाचा गंधक जळून गेल्यावर. आणि ज्योत टोकाला चिकटवायची नाही, जरा खाली धरून कड आधी शेकून घ्यायची. कापताना तोंडाकडचं टोक झाकणाऱ्या पानाच्या टोपीचा फक्त वरचा भाग उडवायचा, खाली गेलं तर बाहेरचं पान सुटतं. बाकीचा सगळा थाट आहे.

पेटवण्याच्या आधीची पायरी मात्र बहुतेक लोक उरकून टाकतात, आणि शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं असं माझं मत आहे. टोक कापलं की सिगार न पेटवता नुसती हवा आत ओढायची. धूर नाही, उष्णता नाही, निकोटीनचा तडाखा नाही. मला नाव घेऊन सांगता आलेली पहिली चव इथे सापडली, सुकलेलं गवत. अगदी स्पष्ट. पेटवायच्या टोकाकडच्या बाजूला, जिथे आतली पानं उघडी दिसतात, तिथे नाक लावलं तर वास आणखी गोड येतो, मनुकांच्या जवळ जाणारा. बाहेरच्या पानाचा वास निराळा, गोठ्याकडे झुकणारा, आणि तो वाईट नसतो. एक सावधगिरी इथे शिकलो. लाकडाचा सुगंध आला की लगेच 'देवदार' लिहून मोकळं होऊ नये. सिगारी ज्या पेटीत ठेवतात तिला आतून बहुधा स्पॅनिश सीडर नावाचं महोगनीच्या कुळातलं सुवासिक लाकूड लावलेलं असतं, आणि त्याचा वास पानांना लागतो. पेटवल्यावरही तो टिकला तर तो तंबाखूचा असण्याची शक्यता जास्त.

नाकाची गोष्ट मला उशिरा कळली. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. कोको, कॉफी, गवत, लाकूड हे सगळे वास आहेत. ते घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात आणि मेंदू त्यांना तोंडातली चव म्हणून नोंदवतो. नाक चिमटीत धरून काहीही चावून बघावं, खात्री पटते. सिगारचा धूर मी तोंडात घेऊन तोंडातूनच सोडत होतो, म्हणजे जिथे वास कळतो तिथे तो पोचतच नव्हता. जाणकार लोक धुराचा थोडा भाग नाकातून सोडतात. छातीतून नव्हे, तोंडातूनच वर चढवून. सांगायला सोपं, करायला अवघड. मित्राची युक्ती अशी: धूर तोंडात घ्यायचा, त्यातला बहुतेक ओठांतून जाऊ द्यायचा, मग ओठ मिटून गुणगुणताना काढतो तसा 'म्' काढायचा. उरलेला धूर आपोआप नाकाकडे जातो. पहिल्यांदा मी तोंडभर धूर नाकातून काढला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. दहावा हिस्सा पुरतो.

आणि तिथे मिरी होती. एवढ्या दिवसांत जी कुठल्याच सिगारमध्ये सापडली नव्हती ती नाकाच्या वरच्या भागात चक्क टोचत होती. मिरी सगळ्यांना सगळ्यात आधी सापडते याला कारण आहे. ती खरं म्हणजे ना चव ना वास. मिरचीचा जाळ किंवा पुदिन्याचा गारवा चेहऱ्यातल्या ज्या ट्रायजेमिनल नावाच्या चेतेतून कळतो तिच्यातूनच ही चुणचुण कळते, त्यामुळे तिला ओळखायला सरावलेलं नाक लागत नाही. हे कळल्यावर मिरी सापडल्याचा आनंद थोडा कमी झाला, पण तिचा एक उपयोग झाला. ती ओसरल्यावर मागे काय उरतं हे बघायची सवय लागली. उरायचं ते बहुधा भाजलेलं असायचं, कधी शेंगदाण्याच्या सालीसारखं, कधी ब्रेडच्या करपट कडेसारखं.

तरीही एका वेळी एकच सिगार ओढून मी फार पुढे गेलो नाही. खरा बदल झाला तो दोन सिगारी शेजारी शेजारी ठेवल्यावर. एकच पांढरं कापड बघून ते पिवळट आहे की निळसर हे सांगता येत नाही, दुसरं पांढरं जवळ आणलं की लगेच कळतं, तसं ते होतं. मी एक सिगार कनेक्टिकट शेड पानाची घेतली आणि दुसरी मादुरो. पहिलीचं बाहेरचं पान कापडी छताखाली वाढवतात, ऊन गाळून येतं, त्यामुळे ते पातळ आणि फिकट राहतं. मादुरोचं पान जाड असतं, ते जास्त दिवस जास्त उष्णतेत आंबवतात, त्यामुळे ते जवळजवळ काळं होतं. दोन्ही पेटवल्या, एकीचे दोनतीन झुरके, पाण्याचा घोट, थोडं थांबून दुसरीचे. निकोटीन दुप्पट होऊ नये म्हणून दोन्ही अर्ध्यावर टाकून दिल्या. ज्याला टाकायला जीव होत नाही त्याने हा प्रयोग करू नये.

फिकट सिगार एकटी असताना मला 'काहीच नाही' अशी लागायची. मादुरोच्या शेजारी तिच्यात एक गुळगुळीतपणा जाणवला, साय म्हणतात तो हाच असावा, आणि त्यामागे गवत, कोरा कागद, हलकी आंबट कड. मादुरोत कोको होता. 'कोकोसारखं काहीतरी' नव्हे, साखर न घातलेल्या कोको पावडरीचा डबा उघडल्यावर येतो तो कोरडा वास. तो मी आधीही त्याच सिगारीत अनेकदा ओढला असणार.

याच बैठकीत आणखी एक गाठ सुटली. काळी सिगार म्हणजे कडक सिगार, असं दुकानात येणारा प्रत्येक नवखा धरून चालतो. माझी मादुरो मवाळ निघाली. कडकपणा म्हणजे निकोटीन, आणि तो मुख्यतः आतल्या पानांवर ठरतो. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना लिगेरो म्हणतात. त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं, ती जाड, तेलकट आणि हळू जळणारी असतात, म्हणून वळताना त्यांना मधोमध ठेवतात. मधली पानं सेको, त्यांच्यात सुगंध जास्त. तळाची वोलादो, ती मवाळ पण चांगली पेटतात. किती लिगेरो घातलंय हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही. म्हणजे नोंद करताना तीन गोष्टी सुट्या ठेवायला हव्यात: डोक्याला किती लागली, धूर तोंडात किती भरीव वाटला आणि वास कशाकशाचे आले. मी पूर्वी या तिन्हींना मिळून 'स्ट्राँग' म्हणायचो. हे वेगळं करायला शिकलो नसतो तर बाकी सगळं वाया गेलं असतं, असं आता वाटतं. जड सिगार म्हणजे चवदार सिगार हा गैरसमज यातूनच पसरतो.

मग जोड्या लावण्याचा नादच लागला. बाहेरचं पान एकाच जातीचं, आत एकीत डॉमिनिकन तंबाखू आणि दुसरीत निकाराग्वाचा. निकाराग्वातही एस्तेलीचा तंबाखू तिखट आणि भारदस्त, हालापा खोऱ्यातला गोडीकडे झुकणारा, अशी त्याची ख्याती आहे. एस्तेलीच्या बाबतीत मला ती पटली. हालापाची गोडी मला अजून तरी ठामपणे वेगळी काढता आलेली नाही.

वास जाणवायला लागले तरी नावं सुचेनात. ओठांवर यायचं आणि परत जायचं. गंध हरवलेल्या लोकांसाठी एक सराव आहे, जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास रोज दोनदा, बारा आठवडे घ्यायचे. माझा गंध शाबूत होता, पण कल्पना उचलली. छोट्या बरण्यांत मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ, कोको, कॉफीचे दाणे, अक्रोड, लाकडाचा भुसा, सुकं गवत आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा भरला. डोळे मिटून बरणी उचलायची आणि ओळखायची. डोळे उघडे असताना जायफळ कुणीही सांगेल. मिटल्यावर ते आणि दालचिनी यांत मी कितीतरी दिवस अडकत होतो. हा सराव कंटाळवाणा आहे आणि यात सिगार अजिबात लागत नाही, ही त्याची दुसरी खुबी.

सुरुवातीला वर्णन करणाऱ्यांवर जो संशय होता त्याकडे मी पुन्हा वळलो ते याच सुमारास. बोर्दोमध्ये झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली, रंग चवहीन होता. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. शिकलेल्या लोकांचं हे, तर सिगारच्या खोक्यावर 'चामडं आणि कोको' वाचून बसलेल्या माझ्यासारख्याचं काय? तेव्हापासून वर्णन आधी वाचणं बंद केलं. मित्र सिगारचा कागदी पट्टा काढून माझ्या हातात देतो, दोघं वेगवेगळे कागद घेऊन लिहितो आणि शेवटी मिळवतो. दोघांच्या कागदावर सारखे शब्द फार कमी येतात, एखाद-दुसरा. जो येतो त्यावर माझा विश्वास आहे. बाकीचे शब्द खोटे नसतात, पण ते त्या सिगारपेक्षा लिहिणाऱ्याबद्दल जास्त सांगतात. त्याला जिथे 'अक्रोड' सापडतो तिथे मला हमखास 'जुन्या पुस्तकांचं कपाट' सापडतं, आणि आम्ही दोघंही माघार घेत नाही.

वह्यांमध्येही फरक पडला. आधीच्या नोंदी म्हणजे नुसत्या शब्दांच्या रांगा होत्या, त्यातून आज काही कळत नाही. नंतरच्या नोंदी तुलनेच्या आहेत: मागच्यापेक्षा मिरी कमी, गोडी मधल्या भागात वाढली, शेवटी जिभेवर कोरडेपणा. सिगार तीन भागांत बघायची पद्धत मला आधी उगाच वाटायची, पण तिला आधार आहे. धूर उरलेल्या पानांतून गाळत येतो आणि त्यातलं बरंच काही तिथे साचतं. सिगार आखूड होते तसा निखारा जवळ येतो, धूर गरम होतो आणि साचलेलं पुन्हा तापतं. शेवटचा तिसरा भाग म्हणून बहुधा कडक. मधूनच सिगारीतून हळूच बाहेर फुंकर मारली की कोंडलेला धूर जातो आणि काही वेळ चव निवळते. ती निवळेनाशी झाली की मी सिगार राखदाणीत ठेवून देतो. ती आपोआप विझते, चुरगाळावी लागत नाही.

काही दिवस काहीच सापडत नाही. सर्दी असेल तर सोडूनच द्यावं. कधी दोष सिगारचा असतो. ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवलेली नसेल तर कोरडी भसाभस आणि गरम जळते, जास्त ओली ओढता ओढत नाही आणि एका बाजूने विझते. कधी नाकाला अमोनिया झोंबतो. पानं ढीग लावून आंबवतात तेव्हा तो बाहेर पडत असतो, ढीग तापला की पालटतात, पुन्हा लावतात. ते पुरतं झालं नसेल किंवा सिगार नुकतीच वळलेली असेल तर हा वास उरतो. अशी सिगार मी परत पेटीत टाकतो आणि काही महिने विसरून जातो. अमोनियालाच 'मिरी' समजणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही नाकात टोचतात, पण अमोनियाच्या मागे काही नसतं.

चामडं मला धुरात अजून मिळालेलं नाही. बरणीतल्या पट्ट्याचा वास झोपेतही ओळखेन, पण सिगारमध्ये ते लोकांना कुठे भेटतं कळत नाही. सध्या दुसऱ्याच प्रश्नात अडकलोय. एकाच नावाच्या, एकाच मिश्रणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जाडीच्या सिगारी घेतल्या, एक ४२ रिंगची, एक ५० ची. बारीक सिगारीत आतल्या भरण्याच्या मानाने बाहेरच्या पानाचं प्रमाण जास्त पडतं, तेव्हा त्या पानाची चव तिथे उठून यावी. आली, कोको बारीक सिगारीत स्पष्ट होता आणि मिरी जवळजवळ नव्हती. मी खूश होऊन मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "बारीक सिगारीत लिगेरो मावतं तरी किती? मिरी त्यामुळे गेली असेल." म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. आता आतली पानं तीच आणि प्रमाणही तेच ठेवून फक्त बाहेरचं पान बदललेल्या सिगारी शोधतोय. त्या असतात, पण नेमक्या एकाच जाडीत मिळायला वेळ लागतोय.